गाडी ठीक चालतेय, मग उभी कशाला करायची?

प्रश्न जालन्याच्या एका गाडीमालकांचा आहे. थोडक्यात असा: "चार गाड्या आहेत. दोन बारा टायर, एक दहा टायर, एक ट्रेलर. इथून सळई भरून बाहेर जातात, येताना मुंबईकडचं भंगार आणतात. गाडी सर्व्हिसला लावली की दिवस बुडतो, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. ड्रायव्हर म्हणतात, गाडी ठीक आहे. ठीक चालणाऱ्या गाडीला हात लावून खरंच फायदा होतो का? होत असेल तर कशाकशाला आणि किती दिवसांनी हात लावायचा?"

भाऊ, फायदा होतो. मी लातूरला जड गाड्यांचं काम करतो. आमच्याकडे क्रेनला टांगून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं कुठल्या तरी स्वस्त वस्तूपासून सुरू झालेलं असतं. सील, पाइप, क्लॅम्प, ग्रीस, पाणी. इंजिन किंवा गिअरबॉक्स स्वतःहून असं अचानक जात नाही. पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "ड्रायव्हर म्हणतात, गाडी ठीक आहे" हे वाक्य. त्याकडे नंतर येतो, आधी दिवस बुडण्याचं बघू.

मागच्या चाकाच्या हबचं सील घ्या. काहीशे रुपयांची वस्तू. ते गळायला लागलं की तेल ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) येतं आणि त्या चाकाचा ब्रेक लागेनासा होतो. त्याचा भार बाकीची चाकं घेतात, त्यामुळे ड्रायव्हरला फार तर गाडी थोडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. तोही सवयीने स्टेअरिंग सांभाळून घेतो. मग हबमधलं बेअरिंग कोरडं पडतं, खेळ वाढतो, हब तापतो. इथपर्यंत गाडी "ठीक" चालत असते. पुढच्या एखाद्या लांबच्या फेरीत बेअरिंग जळून एक्सलच्या नळीला चिकटतं, कधी चाकच निघून जातं, कधी तापलेल्या हबने टायर पेट घेतो. आता खर्च मांडा. क्रेन, रात्री बोलावलेला मिस्त्री आणि तो मागेल ती मजुरी, माल दुसऱ्या गाडीत पलटी करण्याचं भाडं आणि हमाली, उशिरा पोचल्याबद्दल पार्टीने कापलेले पैसे. सळईची पलटी किती जिकिरीची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी तीन-चार दिवस जाग्यावर, आणि ती जागाही तुम्ही निवडलेली नाही. लायनर बदलताना हब उघडलेलाच असतो. त्याच वेळी सील नवं टाकून बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं असतं, तर वेगळा दिवससुद्धा लागला नसता.

आता ड्रायव्हरकडे येऊ. गाडीचा आवाज, वास, स्टेअरिंगची थरथर हे सगळं त्याला मालकाच्या आणि मिस्त्रीच्या आधी कळतं. मग तो सांगत का नाही? कारण त्याची कमाई फेरीवर असते. गाडी उभी राहिली की भत्ता बंद. वर तक्रार केली की मालक पहिलं वाक्य म्हणतो, "तूच कशी तरी चालवली असशील." दोनदा हे ऐकलं की तिसऱ्यांदा तो गप्प बसतो. म्हणून माझ्याकडे कुणी गाड्यांचं देखभालीचं वेळापत्रक मागायला आलं की मी आधी दोन गोष्टी करायला सांगतो. सर्व्हिसच्या दिवशी ड्रायव्हरला भत्ता चालू ठेवायचा आणि त्याने गाडीजवळच थांबायचं. आणि सांगितलेल्या बिघाडाबद्दल त्याचा एक रुपयाही कापायचा नाही. दर महिन्याला गाडीवरचा माणूस बदलत असाल तर तेही थांबवा. रोज नवी गाडी हातात येणाऱ्याला कालचा आवाज आणि आजचा आवाज यातला फरक कुठून कळणार?

ड्रायव्हरला रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांचं काम द्या. डिपस्टिक ओढून ऑइल बघणं, कूलंटची पातळी बघणं, गाडीखाली कुठे थेंब पडलेत का बघणं, टायर आणि नट बघणं, एअर टँकमधलं पाणी काढणं. त्याने हवेच्या काट्याचा आणि मागच्या जोडटायरचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. फोटो काढायच्या निमित्ताने माणूस वाकून बघतो, खरा उपयोग तो आहे.

हवेचे ब्रेक हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतला ओलावा टँकच्या तळाशी पाणी होऊन साचतो. टँकमध्ये पाणी वाढलं की हवेला जागा उरत नाही. काटा आठ बार दाखवतो, पण दोन-चार वेळा ब्रेक दाबले की तो झपकन खाली येतो. पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की गंज धरतो. ड्रेनमधून पाण्याबरोबर तेलकट, दुधाळ काही आलं तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय असं समजा. ते तेल ब्रेक चेंबरचं रबर खातं. एअर ड्रायर असेल तर त्याचं कार्ट्रिज कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. ड्रायर आहे म्हणून टँक कधी उघडलाच नाही, अशा गाड्या मी बऱ्याच बघतो.

एक चाचणी ड्रायव्हरला शिकवा. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, टँक भरू द्या, इंजिन बंद करा आणि पार्किंग ब्रेक सोडा. ब्रेक पॅडल दाबून धरा. काटा सुरुवातीला थोडा उतरेल, तो उतरू द्या. त्यानंतर मिनिटभर दाबून ठेवल्यावर तो पाव बारपेक्षा जास्त खाली आला तर कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावून जोड तपासा.

दुसरा भाग स्लॅक अॅडजस्टरचा, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर जमवणाऱ्या भागाचा. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. मग लायनर ड्रमला टेकवायला चेंबरच्या रॉडला जास्त अंतर बाहेर यावं लागतं. थंड गाडीवर अंगणात ब्रेक बरा वाटतो, तोच मांजरसुंब्याचा घाट अर्धा उतरल्यावर रॉड पूर्ण बाहेर येऊनही लागत नाही, त्याचं कारण हे. ड्रायव्हर म्हणतो "ब्रेक फेल झाला", पण बहुतेक वेळा तो महिनाभर ढिला असतो. साधे अॅडजस्टर असतील तर ब्रेक नियमित टाइट करून घ्या. ऑटोमॅटिक असतील तर सारखे हाताने टाइट करू नका. ते स्वतःहून जमवून घेत नसतील तर कॅम, बुश किंवा अॅडजस्टर स्वतः झिजलाय, तो बदला. आणि डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्याला समजावून सांगा की आताच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये पाय सोडला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो.

आता पाणी. हा मुद्दा खास आपल्या भागाचा. मराठवाड्यात पाण्याची गोष्ट काय सांगायची! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात रेडिएटरसाठी शुद्ध पाणी कोण शोधतो? ढाब्यावरच्या बोअरचं पाणी ओतलं की झालं. ते पाणी जड असतं. घरच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनाच्या लायनरच्या (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीच्या, ब्रेकचा लायनर वेगळा) बाहेरून आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटांमध्ये बसतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा थर पुरतो. आतली उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. मेच्या उन्हात चाळीस अंशांच्या पुढे, सळईचा लोड आणि चढ असला की काटा लालमध्ये जातो. मिस्त्री रेडिएटर बदलायला सांगतो, तो बदलला तरी गाडी तापते, कारण थर इंजिनात आहे.

यापेक्षा छुपं नुकसान दुसरंच असतं. जड डिझेल इंजिनात बऱ्याचदा लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. इंजिन चालताना लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या अंगावर वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि दर फुटीला धातूचा कण निघतो. कूलंटमधलं रसायन लायनरवर पातळ थर धरून हे थांबवतं, नुसत्या पाण्यात ते काम कोण करणार? काही काळाने लायनरला सुईएवढं भोक पडतं, पाणी ऑइलमध्ये जातं, डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसतो, आणि मग इंजिन उतरवावं लागतं. म्हणून प्रत्येक गाडीत तयार मिश्रणाचा वीस लिटरचा कॅन ठेवा. रस्त्यात नाइलाजाने बोअरचं पाणी घालावं लागलंच, तर परत आल्यावर काढून टाका आणि कूलंट भरा. रेडिएटरचं झाकण हरवलं म्हणून फडका कोंबणं चालत नाही. त्या झाकणाच्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही.

आपल्याकडे अजून एक खोड आहे. गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा. याने उन्हाळा निघतो असं वाटतं. पण थंडीच्या पहाटे इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो, डिझेल जास्त लागतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहतं. मग गाडी आणखी तापते. तुमच्या गॅरेजमध्ये कुणी हा सल्ला दिला तर गॅरेज बदला.

धुळीचं थोडक्यात. एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झाला की एलिमेंट बदला. दर दोन दिवसांनी काढून हवा मारत बसणं वाईट, कारण जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि मग तो फिल्टर नावापुरता उरतो. आतलं छोटं सेफ्टी एलिमेंट कधीच साफ करायचं नसतं, सरळ बदलायचं. पण फिल्टरपेक्षा माझी नजर आधी फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या रबरी पाइपवर जाते. क्लॅम्प ढिला असेल तर तिथून धूळ फिल्टरला न विचारता आत जाते. पाइप काढून आत बोट फिरवा. मातीचा माग लागला तर टर्बो आणि रिंगा झिजायला सुरुवात झालीय. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आवारात जाणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटर आणि इंटरकूलरवर बोंडाची लव बसते. ती समोरून दिसत नाही, दोन जाळ्यांच्या मधे अडकते. तुमच्या गाड्या कापूस भरत नसल्या तरी भाड्याला कोण काय भरेल याचा नेम नसतो.

ऊस भरणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. पाचट गाडीखालच्या फिरत्या शाफ्टच्या जॉइंटला गुंडाळलं जातं आणि सायलेन्सरजवळ अडकतं. रोज काढा. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याची क्रिया चालू असते तेव्हा धूर बाहेर टाकणारा भाग भयंकर तापतो. त्या वेळी वाळल्या पाचटावर गाडी उभी करू नका.

तुमच्यात बीएस-६ गाडी असेल तर हे महत्त्वाचं. डीईएफमध्ये (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवात) ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो आणि बाकी खनिजमुक्त पाणी. काही जण शेतातला युरिया आरओच्या पाण्यात कालवून टाकतात. आपल्याकडचा खताचा युरिया नीमलेपित असतो. ते तेल आणि इतर घाण धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर बसून तो निकामी होतो. दोन बादल्यांत वाचवलेल्या पैशाच्या बदल्यात लाखाच्या घरातलं काम निघतं. ऑइलसुद्धा बीएस-६ साठी सांगितलेलं कमी राखेचंच घाला. जुन्या गाडीचा उरलेला डबा यात ओतायचा नाही.

टायर. सकाळी, थंड असताना गेजने मोजा. दांड्याने ठोकून बसलेला टायर कळतो, वीस पौंड कमी असलेला कळत नाही. जोडीतल्या आतल्या टायरची हवा कुणी बघत नाही आणि फुटतो तोच. दोन टायरमध्ये दगड अडकलाय का बघा. दुपारी टायर तापून हवा वाढली म्हणून काढणं ही तर आपल्याकडची जुनी सवय. संध्याकाळी तो टायर थंड झाला की हवा कमी भरते, दुसऱ्या दिवशी बाजू जास्त वाकते, आणखी तापते. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास एका वेगात चालताना हेच टायर फुटतात. चाक बदललं की शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. नटाच्या बाजूला गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर नट ढिला आहे. पाट्याचं (स्प्रिंगचं) काम झालं की पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टचंही तसंच, पहिल्या लोडच्या फेरीनंतर पुन्हा आवळा. ढिल्या यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो, आणि तुम्ही मात्र टायर कंपनीला दोष देत बसता.

आता "किती दिवसांनी" याचं उत्तर. ऑइल आणि फिल्टरचा आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला घ्या, कारण जुन्या आणि नव्या इंजिनांत तो कितीतरी पटीने वेगळा आहे. पण तो आकडा हायवेवर पळणाऱ्या गाडीचा असतो. मिलच्या वजनकाट्याच्या रांगेत किंवा कारखान्याच्या आवारात गाडी रात्रभर चालू राहिली तर किलोमीटर शून्य आणि ऑइल मात्र झिजलेलं असतं. अशा गाड्यांना मी तासांवर मोजायला सांगतो किंवा पुस्तकातल्या किलोमीटरच्या तीन चतुर्थांशावर बोलावतो. ग्रीसिंग पंधरवड्याला, पावसात आणि चिखलात आठवड्याला. किंगपिन, शॅकल पिन, जॉइंटचे क्रॉस, स्लॅक अॅडजस्टर, ट्रेलरचं टर्नटेबल. ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. निपल चोंदलेला असेल तर वरून ग्रीस फासून "झालं" म्हणणारी पोरं असतात, म्हणून ड्रायव्हरने जवळ उभं राहायचं.

वर्षात दोन वेळा गाडी पूर्ण एक दिवस खाली बसून बघा. एकदा मार्चमध्ये उन्हाळ्याआधी: कूलंट, पाइप, फॅन बेल्ट, रेडिएटर, टायर. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आधी. तसंही खंडेनवमीला आपण गाडी धुऊन हार घालतो, नारळ फोडतो. हार घालायच्या आदल्या दिवशी ती रॅम्पवर चढवा. चेसिसच्या चिरा, पाट्याची तुटलेली पानं, घासणारे वायरिंगचे गुच्छे हे धुतलेल्या गाडीतच दिसतं. जास्तीचे लाइट आणि टेप बसवताना फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी त्याच दिवशी काढा. केबिनला आग बऱ्याचदा तिथूनच लागते.

फिटनेस सर्टिफिकेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावं लागतं. गाडी त्या एका दिवशी बरी होती, एवढंच तो कागद सांगतो. मधल्या काळात किती लायनर झिजतात ते तुम्हीच मोजा.

हप्त्याचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावणार नाही. त्यावर माझा सल्ला असा की देखभालीचे पैसे भाड्याच्या पैशातून त्याच दिवशी वेगळे काढा. टायर सोडून किलोमीटरमागे दोन-तीन रुपये धरायला मी सांगतो. गाडी जुनी किंवा कामाचा रस्ता खराब असेल तर वरचा आकडा. चारही गाड्या एकाच आठवड्यात लावू नका, दर आठवड्याला एक लावा. मिलला ज्या दिवशी माल कमी असतो तो दिवस तुम्हाला माहीत असतोच, तो धरा. प्रत्येक गाडीची एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या चाकाचं. "ब्रेक काम, मजुरी अमुक" एवढं लिहिलेली वही हिशेबाला चालते, पण त्याच चाकाचा लायनर वर्षात दुसऱ्यांदा का गेला ते तिच्यातून कळत नाही.

सुरुवात ट्रेलरपासून करा. चाकं जास्त, जोड जास्त, आणि मागच्या भागाकडे कुणाचं लक्ष नसतं. तो आला की आधी सगळे हब उघडायला लावा. कोणतं सील गळतंय, कुठला लायनर तेलकट आहे ते स्वतः बघा, आणि ज्या ड्रायव्हरने "ठीक आहे" म्हटलं होतं त्याला शेजारी उभं करा. रागावू नका. त्या चाकाचं त्याला आधी काय जाणवत होतं, ते विचारा आणि वहीत पहिल्या पानावर तेच लिहा.